नॅट आणि सेबरच्या सोंगट्या: मागची बाजू सरकत होती

22 नोव्हेंबर 1971 ची पूर्व पाकिस्तानच्या सीमेजवळच्या बोयरावरची हवाई झुंज टेबलावर मांडायला भारताच्या नॅट आणि पाकिस्तानच्या सेबर या लढाऊ विमानांच्या कागदी सोंगट्या छापल्या. कागद उलटून मागची बाजू छापली की चित्र दर वेळी दोनेक मिलिमीटर सरकायचं. 1:300 प्रमाणात नॅट पंखांसकट जेमतेम 22 मिलिमीटर, त्यामुळे कापताना पंखाचं टोकच जायचं. फार जीव तुटायचा.

शेवटी दोन्ही बाजू एकाच पानावर छापल्या, नाकाला नाक लावून. 'फिट टू पेज' बंद, स्केल 100 टक्के. मधल्या रेषेवर पट्टी धरून रिकामं बॉलपेन दाबून ओढलं, घडी घातली, ग्लू स्टिकने चिकटवलं. पातळ गोंद नकोच, इंकजेटची शाई फुटते. रात्रभर जाड पुस्तकाखाली ठेवलं आणि मगच कापलं. पांढऱ्या कडांवर राखाडी स्केचपेन फिरवला.

आता 38 मिलिमीटरच्या सेबरशेजारी नॅट खरंच चिमुकलं दिसतं.