केमोथेरपीच्या दिवसांत थर्मामीटर उशाशी ठेवा
पती किंवा पत्नीची केमोथेरपी सुरू असेल, तर एक डिजिटल थर्मामीटर आणि एक साधी वही पलंगाच्या उशाशी कायम ठेवावी. औषध दिल्यानंतर साधारण ७ ते १४ दिवसांच्या काळात रक्तातील पांढऱ्या पेशी बहुधा सर्वांत कमी झालेल्या असतात आणि एरवी किरकोळ वाटणारा संसर्ग या दिवसांत काही तासांत जिवावर बेतू शकतो. त्यामुळे ताप १००.४ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३८ अंश सेल्सिअस, किंवा त्याहून अधिक भरला, अथवा अंगात हुडहुडी भरली, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी रुग्णालयाने दिलेल्या तातडीच्या क्रमांकावर लगेच फोन करावा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय पॅरासिटामॉलची गोळी देऊ नये, कारण ताप उतरलेला दिसतो आणि आतला संसर्ग मात्र वाढत राहतो. माझ्या मते चूक इथेच होते, आणि ती प्रेमापोटी होते: आपली झोपमोड होऊ नये म्हणून आजारी माणूसच गोधडी ओढून घेत ‘सकाळी बघू’ म्हणतो. त्या वेळी त्याचे ऐकू नये.

वहीत शेवटच्या डोसची तारीख, औषधांची नावे आणि वेळेसह तापाची नोंद असावी. तातडीच्या विभागात पोहोचताच ‘केमो सुरू आहे, शेवटचा डोस अमुक तारखेला झाला’ हे पहिले वाक्य सांगावे. फाइल, ताजे रक्ततपासणीचे अहवाल आणि फोनचा चार्जर एका पिशवीत भरून दाराजवळच्या खुंटीला अडकवून ठेवावा.