ब्लॅक फॉरेस्टमधला ट्री-टॉप वॉक: आईबाबांना बिनधास्त न्या

जर्मनीत स्टुटगार्ट साइडला राहत असाल आणि घरून आईबाबा आलेले असतील तर ब्लॅक फॉरेस्टमधल्या बाड विल्डबाड गावचा ट्री-टॉप वॉक मस्ट आहे, कारण साधारण सव्वा किलोमीटरचा हा लाकडी रस्ता झाडांच्या शेंड्यांमधून जातो पण पायऱ्या जवळपास नाहीतच, चढ एकदम हलका, म्हणजे गुडघेदुखीवाले, व्हीलचेअर, बाबागाडी सगळं चालतं. प्फोर्ट्सहाइमहून लोकल ट्रेन पकडा, गावातून वर डोंगरावर फ्युनिक्युलर (दोराने ओढली जाणारी छोटी रेल्वे) जाते, त्यामुळे चढायचा प्रश्नच नाही.

वाटेत मध्येमध्ये हलत्या फळ्या नि जाळ्यांचे तुकडे आहेत, पोरं तिथून हलतच नाहीत, पण बाजूने साधा रस्ता असतोच, उंचीची भीती वाटणाऱ्यांनी गपचूप तिकडून जावं. शेवटचा ४० मीटरचा टॉवर गोल गोल फिरत चढायचा, आणि वरती वारा असा झोंबतो की उन्हाळ्यातही जॅकेट लागतंच, साडी नेसलेल्या आईला तर सेफ्टी पिना आठवणीने द्या. उतरताना ५५ मीटरची घसरगुंडी आहे, वेगळं तिकीट, बाबांना विचारून तरी बघा! वादळवाऱ्यात बंद ठेवतात, म्हणून निघायच्या आधी वेबसाइट चेक करा. कुत्रा नेता येत नाही.