एस्प्रेसो मशीन घेताना आधी जाळी उजेडासमोर धरून बघा

घरी एस्प्रेसो मशीन घ्यायचंय आणि एका खोक्यावर १५ बार, दुसऱ्यावर २० बार, मग निवडायचं कसं? तो आकडा सोडूनच द्या, तो पंपाचा कमाल दाब असतो, एस्प्रेसोला साधारण ९ बार पुरतात.

१. दुकानात पोर्टाफिल्टर म्हणजे तो दांडीवाला भाग हातात मागून घ्या, आतली जाळी, म्हणजे जिच्यात कॉफी पावडर भरतात ती, काढा आणि खालून बघा. बाहेरच्या तळाला मधोमध एकच बारीक भोक असेल तर ती दुहेरी तळाची, तिच्यात फेस भरपूर येतो पण तो त्या भोकातून जोरात आल्यामुळे, कॉफी नीट उतरली म्हणून नाही. तळभर भोकं असतील तर साधी जाळी, खरी चव हिच्यात. दोन्ही जाळ्या मिळत असतील तर बेस्टच, आत्ता तयार पावडर दुहेरीत चालवा आणि कॉफीच्या बिया दळायचा ग्राइंडर आला की साधी लावा.

२. जाळीचा व्यास विचारा. गॅजिया क्लासिक या मशीनची ५८ मिमी, डेलॉन्गी डेडिकाची ५१ मिमी. ५८ मिमीला टॅम्पर (पावडर दाबायचा ठोकळा), जाळ्या वगैरे सुटं सामान जास्त मिळतं.

३. सगळं बजेट मशीनवर उडवू नका, चांगल्या ग्राइंडरचे पैसे आधी बाजूला काढा, माझ्या मते चवीतला फरक तिथेच जास्त पडतो.

आणि हो, चिकोरीवाली फिल्टर कॉफीची पावडर यात अजिबात टाकू नका, जाळी तुंबू शकते.