चढ-उताराचं इंग्रजी: या चुका टाळा

‘भाव वाढले’ आणि ‘कंपनीने भाव वाढवले’ यात आपण मराठीत कधी गोंधळत नाही. मात्र तोच माणूस इंग्रजीत ‘द कंपनी रोझ द प्राइस’ लिहून मोकळा होतो. गंमत म्हणजे हा फरक इंग्रजीने नवा काढलेला नाही, तो आपल्याकडे आधीपासूनच आहे. राइझ म्हणजे वाढणे, रेझ म्हणजे वाढवणे. सूर्य राइझ होतो, हात मात्र कुणीतरी रेझ करावा लागतो.

खरी पंचाईत भूतकाळात होते. राइझ, रोझ, रिझन ही रूपं तोंडी बसलेली नसतात. रेझला नुसता ‘ड’ लावला की झालं, म्हणून हात तिकडे वळतो आणि कागदावर ‘प्राइसेस रेझ्ड’ उमटतं. यावर एक सोपी परीक्षा आहे. क्रियापदापाशी थांबून ‘काय वाढवलं?’ असं विचारा. उत्तर वाक्यात पुढे असेल तर रेझ, नसेल तर राइझ. तरीही खात्री वाटत नसेल तर इन्क्रीस वापरा, ते दोन्हीकडे चालतं. ड्रॉपही तसंच: भाव ड्रॉप होतात आणि हातातला कपही आपण ड्रॉप करतो.

फॉल मात्र तसं नाही. ‘त्याने कप पाडला’ याचं ‘ही फॉल्ड द कप’ होत नाही. फॉल्ड असं रूपच नाही. फॉलचा भूतकाळ फेल (नापास होणारा फेल वेगळा, त्याचं स्पेलिंगही वेगळं). ‘आय फेल्ट डाउन’ हे तर मी इतक्यांदा तपासलंय की आता लाल पेन आपोआप चालतं. फेल्ट हा फीलचा भूतकाळ. पडलात तर ‘आय फेल’. जाता जाता सांगतो, झाड तोडून पाडणे यासाठी इंग्रजीत फेल हेच वेगळं क्रियापद आहे आणि त्याचा भूतकाळ फेल्ड. पडणे-पाडणे ही आपली जोडी तिकडेही आहे, फक्त मुख्यतः झाडांपुरती उरली आहे.

आणखी एक चूक थेट मराठीतून येते. ‘भाव वाढले आहेत’ मधल्या ‘आहेत’चं ‘आर’ होतं आणि ‘प्राइसेस आर इन्क्रीस्ड’ तयार होतं. इथे ‘हॅव इन्क्रीस्ड’ हवं.

सगळ्यात महाग पडणारी चूक दोन अक्षरांची आहे: बाय की टू. तापमान 30 अंशांवरून 25 अंशांवर आलं, तर ते ‘फेल बाय 5 डिग्रीज’ किंवा ‘फेल टू 25 डिग्रीज’. ‘फेल टू 5 डिग्रीज’ लिहिलंत तर वाचणारा स्वेटर शोधायला लागेल. मराठीत ‘पाचने’ म्हणाल तिथे बाय, ‘पंचवीसवर’ म्हणाल तिथे टू. नाम वापरलं की शब्दयोगी बदलतात: काय वाढलं त्याआधी इन, कितीने वाढलं त्याआधी ऑफ. ‘अ राइझ ऑफ 5 डिग्रीज’, पण ‘अ राइझ इन टेम्परेचर’. टक्क्यांत आणखी एक खड्डा आहे. व्याजदर 10 टक्क्यांवरून 12 टक्क्यांवर गेला तर वाढ 2 पर्सेंटेज पॉइंट्सची. टक्क्यांत सांगायची तर ती 20 पर्सेंट होते. ‘बाय 2 पर्सेंट’ हे सरळ चूक.

आपण बसमध्ये, झाडावर, घोड्यावर, सगळीकडे ‘चढतो’ आणि सगळ्यातून ‘उतरतो’. इंग्रजीत तसं नाही. ‘क्लाइम्ब द बस’ म्हणालात तर ऐकणाऱ्याला तुम्ही टपावर चढताना दिसाल. बस, ट्रेन, विमान यांत गेट ऑन आणि गेट ऑफ. मोटारीत गेट इन, उतरताना गेट आउट. ‘गेट डाउन’ शिडीवरून किंवा झाडावरून उतरताना ठीक. अचानक कुणी नुसतं ‘गेट डाउन!’ ओरडलं तर मात्र उतरायचं नसतं, खाली वाकायचं असतं.

‘डिसेंड डाउन’ आणि ‘असेंड अप’ मधले डाउन-अप काढून टाका, दिशा क्रियापदातच आहे. भाव ‘राइझ अप’ होत नाहीत. लोक राइझ अप करतात तेव्हा ते बंड असतं. विक्रीही ‘ग्रो अप’ होत नाही, मुलं होतात.

आलेखाचं वर्णन करताना, विशेषतः आयएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेच्या लेखी भागात, वेगळाच उत्साह दिसतो. आकडा 50 वरून 52 वर जातो आणि उत्तरात तो ‘सोअर’ करतो. सोअर, रॉकेट, प्लमेट हे शब्द मोठ्या झेपेसाठी किंवा कोसळण्यासाठी राखून ठेवा. 50 चे 52 झाले तर ‘रोझ स्लाइटली’ पुरे. डिप वापरताना रेषा थोडी खाली जाऊन पुन्हा वर आली आहे ना, तेवढं बघा. खाली जाऊन ती तिथेच सपाट झाली असेल तर ‘फेल अँड देन लेव्हल्ड ऑफ’ म्हणायचं.