कॉलेजात सायबर सुरक्षेचं प्रॅक्टिकल: बंद नेटवर्कपासून सर्ट-इनच्या मेलपर्यंत

सायबर सुरक्षेच्या बऱ्याचशा जर्नलमध्ये एकच स्क्रीनशॉट बॅचभर फिरतो. रोल नंबर बदलतो, चित्रातली वेळ मात्र तीच राहते. लॅब अशी मांडायची की जर्नलची नक्कल करणं हे प्रॅक्टिकल करण्यापेक्षा जास्त कष्टाचं व्हावं. त्यासाठी महागडं काही लागत नाही. वीस जणांच्या बॅचला दहा संगणक पुरतात, प्रत्येकात ८ जीबी रॅम आणि किमान ६० जीबी मोकळी डिस्क हवी.

प्रत्येक संगणकावर व्हर्च्युअलबॉक्स टाका आणि त्यात दोन व्हीएम, म्हणजे संगणकाच्या आत चालणारे आभासी संगणक, ठेवा. एक काली लिनक्स, सुरक्षा तपासणीची साधनं असलेली; तिला २ जीबी रॅम द्या. दुसरी मेटास्प्लॉइटेबल २, तिला ५१२ एमबी पुरतात. ही दुसरी व्हीएम मुद्दामच भोकं ठेवून बनवलेली आहे आणि तिचं लॉगिन-पासवर्ड दोन्ही ‘एमएसएफॲडमिन’ (छोट्या इंग्रजी अक्षरांत msfadmin). फाइली दहा वेळा डाउनलोड करू नका. एकदाच उतरवा, अधिकृत पानावर चेकसम (फाइल बदललेली नाही हे तपासायचा आकडा) दिला असेल तर तो जुळवा आणि पेन ड्राइव्हने वाटा. पेन ड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेला असावा, कारण फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही आणि ‘जागा असून कॉपी का होत नाही’ यात अर्धा तास जातो.

व्हीएम चालूच झाली नाही तर आधी बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जा. तिथे व्हीएमसाठी लागणारं व्हीटी-एक्स, किंवा प्रोसेसर एएमडीचा असेल तर एसव्हीएम, बऱ्याचदा बंद असतं, ते सुरू करा. व्हीएम चालते पण रांगते, आणि खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसतं, असं झालं तर विंडोजचं हायपर-व्ही (विंडोजची स्वतःची व्हीएम-यंत्रणा) आडवं आलेलं असतं. मेटास्प्लॉइटेबल ‘कर्नल पॅनिक’ दाखवून थांबली तर सिस्टिमच्या सेटिंगमध्ये आय-ओ एपिक सुरू करून पाहा.

आता भिंत, म्हणजे लॅब बाहेरच्या नेटवर्कपासून तोडणं. दोन्ही व्हीएमचं नेटवर्क ‘इंटर्नल नेटवर्क’वर ठेवा. ‘ब्रिज्ड’ चुकूनही नको. ब्रिज्ड केलं की मेटास्प्लॉइटेबलला कॉलेजच्या राउटरकडून पत्ता मिळतो आणि वसतिगृहाच्या वायफायवर बसलेल्या कुणालाही ती उघडी दिसू शकते. शिवाय पत्त्यातला एक आकडा चुकला की विद्यार्थ्याचं स्कॅन परीक्षा विभागाच्या सर्व्हरवर जातं. कालीला अपडेट हवं असेल तर मेटास्प्लॉइटेबल बंद करून कालीला तेवढ्यापुरतं ‘नॅट’वर (इंटरनेट मिळणाऱ्या सेटिंगवर) न्या आणि परत आणा.

इंटर्नल नेटवर्कमध्ये आपोआप पत्ता मिळत नाही, तो हातानेच द्यावा लागतो. ही अडचण आपल्या पथ्यावर पडते. तिसरा आकडा जोडीतल्या पहिल्याचा रोल नंबर ठेवा. रोल नंबर ३७ असेल तर काली १०.१०.३७.१० आणि मेटास्प्लॉइटेबल १०.१०.३७.२०. मग जर्नलमधल्या प्रत्येक पॅकेटवर मालकाचा शिक्का बसतो. पत्ते दिल्यावर कालीतून दोन पिंग करा, म्हणजे ‘आहेस का’ अशी हाक द्या: समोरच्या व्हीएमकडून उत्तर यायला हवं, आणि ८.८.८.८ (इंटरनेटवरचा पत्ता) कडून येता कामा नये. हा दुसरा पिंग अपयशी झाल्याचा स्क्रीनशॉट हेच जर्नलचं पहिलं पान. ते झालं की दोन्ही व्हीएमचा स्नॅपशॉट घ्या, म्हणजे नंतर याच स्थितीत परतता येतं.

पहिलं प्रॅक्टिकल टेलनेटचं, म्हणजे दूरच्या संगणकावर लॉगिन करण्याच्या जुन्या, उघड्या पद्धतीचं, घ्या. एसएसएचने (तेच काम कूटबद्ध करून करणाऱ्या पद्धतीने) सुरुवात केली तर नवी काली मेटास्प्लॉइटेबलची जुनी की-पद्धत नाकारते आणि वर्ग तिथेच अडकतो. कालीत वायरशार्क (नेटवर्कवरची पॅकेटं पकडून दाखवणारं साधन) सुरू करा, पोर्ट २३ चा फिल्टर लावा आणि टेलनेटने लॉगिन करा. मग कोणत्याही पॅकेटवर उजवं क्लिक करून संपूर्ण टीसीपी प्रवाह उघडा. वापरकर्तानावातलं प्रत्येक अक्षर दोनदा दिसतं, पासवर्डातलं मात्र एकदाच. का, ते सांगू नका, पाच मिनिटं थांबा. कुणीतरी ओळखतंच की टाइप केलेलं अक्षर सर्व्हर पडद्यावर दिसावं म्हणून परत पाठवतो आणि पासवर्ड तेवढा परत पाठवत नाही. पडद्यावर पासवर्ड दिसत नाही, म्हणून तारेवरही दिसत नसेल, हा समज त्या क्षणी जातो.

मग मुद्दाम चुकीचा पासवर्ड पाच वेळा टाका आणि मेटास्प्लॉइटेबलच्या ऑथ लॉगमध्ये (लॉगिनच्या नोंदवहीत) त्या पाच नोंदी शोधा. इथे हमखास गोंधळ होतो: लॉगमधली वेळ वायरशार्कशी जुळत नाही. ही व्हीएम अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेवर लावलेली आहे, म्हणजे ऋतूप्रमाणे आपल्याहून साडेनऊ किंवा साडेदहा तास मागे. घड्याळ आधी दुरुस्त करून देऊ नका. फरक काढून दोन्ही नोंदी एका तक्त्यात जुळवायला लावा. प्रत्यक्ष तपासात निम्मं काम हेच असतं, आणि सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत संस्थांना घड्याळं जुळवून ठेवायला, लॉग १८० दिवस सांभाळायला आणि ठरावीक प्रकारच्या घटना ६ तासांत कळवायला सांगितलं आहे, ते याचसाठी.

दुसरं प्रॅक्टिकल व्हीएसएफटीपीडी २.३.४ या फाइल देवाणघेवाणीच्या सर्व्हर-प्रोग्रामचं. एनमॅप या स्कॅनरने आवृत्ती ओळखली की २१ नंबरच्या पोर्टवर हे नाव येतं. जुलै २०११ मध्ये या प्रोग्रामच्या डाउनलोड सर्व्हरवरची फाइलच कुणीतरी बदलून ठेवल्याचं उघड झालं. वापरकर्तानावाच्या शेवटी अपूर्णविराम आणि बंद कंस, म्हणजे हसरा चेहरा, टाकला की पोर्ट ६२०० उघडतं आणि थेट रूटचा, म्हणजे पूर्ण यंत्राचा, ताबा मिळतो. पासवर्ड काहीही चालतो. दुसऱ्यांदा प्रयत्न केला की बऱ्याचदा चालत नाही, कारण ६२०० आधीच्या प्रयत्नाने व्यापलेलं असतं. स्नॅपशॉटवर परत जा. हल्ला दहा मिनिटांत उरकतो, उरलेला वेळ बचावाला द्या: आयपीटेबल्स या लिनक्सच्या फायरवॉलने ६२०० बंद करा, हल्ला पुन्हा करून पाहा आणि वायरशार्कमध्ये काय बदललं ते लिहा. प्रोग्रामरने एकही चूक केलेली नसताना हे भोक पडलं, हे कळलं की सुरुवातीला चेकसम का जुळवला तेही कळतं.

दोन तासांचं गणित साधारण असं: वीस मिनिटं दाखवणं, साठ मिनिटं हात चालवणं, चाळीस मिनिटं लिहिणं. लिहिण्याचा वेळ कापू नका. ओरलला एकच प्रश्न ठेवा: ‘तुमच्या कॅप्चरमधला हा पॅकेट कुणी, कुणाला, का पाठवला?’

संगणकाशिवायचा एक तासही हवा. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले, त्यातले बहुतेक २८ देशांतल्या एटीएममधून काढले गेले. खोटा स्विच (एटीएमची विनंती बँकेच्या प्रणालीकडे नेणारी यंत्रणा) परस्पर मंजुरी देत होता. फळ्यावर एटीएम, स्विच आणि खात्यांची मूळ प्रणाली असे तीन चौकोन काढा आणि विचारा, कोणत्या दोन नोंदींची बेरीज दर तासाला ताडून पाहिली असती तर हे लवकर दिसलं असतं?

संशोधनासाठी विद्यार्थी लगेच ‘एआय वापरून हल्ला ओळखणं’ निवडतात आणि परदेशातला जुना डेटासेट उचलतात. त्यापेक्षा मराठीतले फसवे मेसेज गोळा करा: आज रात्री वीज तोडणार, केवायसी संपलं, पार्सल अडकलं. देणाऱ्यांची लेखी संमती घ्या, नावं आणि नंबर खोडा, लिंकमधल्या टिंबाभोवती कंस घाला म्हणजे चुकून क्लिक होणार नाही. दीडशे मेसेज पुरेत. भाषा, बतावणी, धाक की लालूच, काय करायला सांगितलं, असे रकाने पाडा. दोघांनी एकमेकांचं न पाहता भरावेत आणि मग जुळणी कोहेन कप्पाने (योगायोग वगळून जुळणी मोजणाऱ्या आकड्याने) मोजावी. ०.६ च्या खाली आली तर दोष बहुधा रकान्यांच्या व्याख्येत असतो, व्याख्या सुधारून पुन्हा भरा.

लॅबबाहेर मात्र एक रेषा पहिल्याच दिवशी आखून द्या. एखाद्या संकेतस्थळाच्या पत्त्यातला बैठक क्रमांक बदलला आणि दुसऱ्याची गुणपत्रिका उघडली, तर तिथेच थांबायचं. ‘आणखी किती उघडतात’ हे पाहणं परवानगीविना प्रवेशात मोडू शकतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पानाचा पत्ता, तारीख-वेळ, केलेल्या कृती क्रमाने आणि नाव झाकलेला एक स्क्रीनशॉट एवढं शिक्षकामार्फत सर्ट-इनला मेलने कळवा. समाजमाध्यमावर टाकू नका आणि बक्षीस मागू नका, मागणीचा सूर लागला की कळवणाऱ्याकडेच संशयाने पाहिलं जातं.

पोलिसांच्या सायबर विभागाला किंवा जवळच्या सहकारी बँकेला बोलवायचं तर भाषणासाठी नको. विद्यार्थ्यांनी जुळवलेला वेळेचा तक्ता त्यांच्यापुढे ठेवा आणि तपासून घ्या. उलट बाजूने विद्यार्थ्यांना बचत गटाच्या बैठकीत पाठवा, चाळीस मिनिटं पुरे. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही, हे दोन फोन घेऊन एक रुपया पाठवून दाखवा, आणि उठण्याआधी प्रत्येकीच्या फोनमध्ये १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन ‘फसवणूक’ या नावाने सेव्ह करून द्या.