फिजिऑलॉजी आणि तो एक सोडियम: पहिल्या वर्षाचा माझा अनुभव

फिजिऑलॉजीच्या (शरीर काम कसं करतं हे शिकवणारा विषय) पहिल्या इंटर्नलच्या व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, मॅडमनी मला विचारलं, लाल रक्तपेशीबद्दल सांग. मी सुटलेच. साडेसात मायक्रॉनची, दोन्ही बाजूंनी खोलगट, केंद्रक नाही, मायटोकॉन्ड्रिया नाहीत, आयुष्य १२० दिवस, काम ऑक्सिजन वाहून नेणं. सगळं एका दमात. मॅडम म्हणाल्या छान, आता सांग ही पेशी स्वतःसाठी ऑक्सिजन किती वापरते? मी म्हटलं "खूप मॅडम, कारण तिच्याकडेच तर सगळा ऑक्सिजन असतो ना".

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, अर्ध्या मिनिटापूर्वी तूच म्हणालीस मायटोकॉन्ड्रिया नाहीत.

मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीतली ऑक्सिजन वापरून ऊर्जा बनवणारी भट्टी. तीच नाही, मग वापरणार कुठे? शून्य वापरते. ग्लुकोज ऑक्सिजनशिवायच मोडून त्यातून मिळेल तेवढ्या एटीपीवर (एटीपी म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन) ती चार महिने काढते, म्हणजे सोन्याची पेटी डोक्यावर घेऊन फिरणारा हमाल पण स्वतः त्यातलं एक नाणं उचलत नाही, तसं. नाही उचलत तेच बरं, रस्त्यातच खाऊन टाकला असता तर स्नायूपर्यंत काय पोचलं असतं. हे सगळं मला माहिती होतं पण वेगवेगळ्या कप्प्यांत. मायटोकॉन्ड्रिया "पेशी" या चॅप्टरमध्ये, लाल पेशी "रक्त" या चॅप्टरमध्ये, आणि दोघांची कधी गाठच पडली नव्हती. अर्थात त्या इंटर्नलला नापास झाले.

आता नव्याने फिजिऑलॉजी सुरू करणाऱ्यांनी (नर्सिंग असो, फिजिओथेरपी असो, मेडिकल असो, किंवा नुसती उत्सुकता म्हणून वाचणारे) एवढंच करावं असं मला वाटतं: सिस्टिम पाठ करायच्या नाहीत, एखादी वस्तू पकडायची आणि तिचा पाठलाग करायचा. मी सोडियम पकडला. का पकडला तर नापास झाल्यावर चिडून पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेतलं आणि लक्षात आलं की हा गडी प्रत्येक चॅप्टरमध्ये आहे.

तर सोडियमची गोष्ट अशी. पेशीच्या बाहेरच्या पाण्यात सोडियम साधारण १४०, आत १० ते १५ (मिलीमोल प्रति लिटर, पण सुरुवातीला एककाच्या नादी लागू नका, फक्त बाहेर जास्त आत कमी एवढं डोक्यात ठेवा). पोटॅशियमचं बरोब्बर उलटं, आत १४० च्या आसपास आणि बाहेर ४. हा फरक आपोआप टिकत नाही. पेशीच्या पटलात एक पंप बसलेला असतो, तो एका एटीपीच्या बदल्यात ३ सोडियम बाहेर फेकतो आणि २ पोटॅशियम आत ओढतो, आणि हे रात्रंदिवस चालू. तुम्ही झोपलेले असताना शरीर जी ऊर्जा जाळतं त्यातला पाचवा हिस्सा तरी हा पंप खातो. हा पंप डॅनिश शास्त्रज्ञ येन्स स्कू यांना १९५७ मध्ये खेकड्याच्या पायातल्या नसांमध्ये (म्हणजे चेतातंतूंमध्ये) सापडला आणि नोबेल मिळालं थेट १९९७ मध्ये. गंमत म्हणजे त्या वर्षीचं रसायनशास्त्राचं अर्धं नोबेल त्यांना आणि अर्धं एटीपी तयार कसा होतो हे उलगडणाऱ्या बॉयर आणि वॉकर यांना, म्हणजे कमावणारा आणि उडवणारा दोघांचा सत्कार एकाच मांडवात.

मला आधी वाटायचं एवढी ऊर्जा घालवून हे मीठ इकडून तिकडे करायचं कशाला? तर हा पंप म्हणजे वरच्या टाकीत पाणी चढवून ठेवणं आहे. एकदा टाकी भरली की खाली नळ सोडून हवं ते काम करून घेता येतं. बाहेर दाटीवाटीने असलेला सोडियम सतत आत घुसायला टपलेला असतो, आणि शरीर त्या घुसण्यावर आपली कामं उरकून घेतं. हे "टपलेला असणं" समजलं की अर्धी फिजिऑलॉजी समजली, शप्पथ.

नसेचंच बघा. शांत बसलेल्या चेतापेशीच्या आत साधारण उणे ७० मिलीव्होल्ट असतात. सिग्नल आला की सोडियमची दारं फटकन उघडतात, सोडियम आत धावतो, व्होल्टेज उलटतं, मग पोटॅशियम बाहेर जाऊन सगळं पूर्ववत, आणि हे एक-दोन मिलिसेकंदांत. बधिर करायचं इंजेक्शन हीच दारं अडवतं. दात काढताना दुखत नाही कारण सोडियम आत येऊ शकत नाही, एवढंच.

आता तोच सोडियम लहान आतड्यात. इथे मी खरंच अडकले होते आणि इथेच मजा आली म्हणून जरा सविस्तर लिहिते. आतड्याच्या पेशीला ग्लुकोज आत घ्यायचंय, पण आत आधीच भरपूर असलं तरी ओढून घ्यायचंय. मग ती काय करते, पोकळीच्या बाजूला एक असं दार ठेवते की ज्यातून सोडियम आत यायचा तर ग्लुकोजचा हात धरूनच. सोडियमला यायचंच असतं, तो ग्लुकोजला ओढत आणतो. आणि पेशीच्या पाठीमागच्या म्हणजे रक्ताच्या बाजूला आपला पंप बसलेला, तो आलेला सोडियम लगेच बाहेर फेकतो म्हणून आत सोडियम कायम कमीच आणि ओढ कायम चालू. दोघं आत गेले की मागून पाणी जातं. रॉबर्ट क्रेन यांनी ही जोडीने जायची कल्पना १९६० मध्ये मांडली आणि जुलाबावरची ओआरएस नेमकी याच दारावर चालते. कॉलऱ्याचं विष आतड्यातून पाणी बाहेर सोडायला लावतं पण हे जोडीचं दार मात्र धडधाकट राहतं. म्हणून नुसतं पाणी पाजून भागत नाही, मीठ आणि साखर दोन्ही लागतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या ओआरएसमध्ये सोडियम ७५ आणि ग्लुकोज ७५ (तेच मिलीमोल प्रति लिटर) असं समसमान असतं. मी लहानपणी समजायचे साखर चवीसाठी घालतात!

मग किडनीत गेले तर तिथे हेच दार पुन्हा, जवळचा भाऊबंद म्हणा. किडनीचं काम मला आधी "घाण गाळते" असं वाटायचं, पण ती आधी जवळजवळ सगळंच गाळून टाकते आणि मग कामाचं परत उचलते. मिनिटाला साधारण १२५ मिली गाळलं जातं, २४ तासांचे १८० लिटर, आणि लघवी होते दीड लिटर. म्हणजे ९९ टक्के माल परत. रक्तातला पातळ भाग जेमतेम तीन लिटर असतो, तो दिवसाला साठ वेळा गाळून निघतो. परत उचलायच्या कामाला पुन्हा सोडियमच, त्याच्याच मागे ग्लुकोज आणि पाणी. डायबिटीसच्या हल्लीच्या गोळ्यांपैकी ज्यांची नावं ग्लिफ्लोझिन अशी संपतात त्या हे किडनीतलं सोडियम-ग्लुकोजचं दार बंद करतात, मग साखर लघवीवाटे निघून जाते. आतडं, किडनी, नस, तीन वेगळे चॅप्टर, पंप तोच. मला हे कळलं त्या रात्री मी एकटीच हसत बसले होते, रूममेटला वाटलं परीक्षेचं टेन्शन डोक्यात गेलं.

अभ्यासाची पद्धत म्हणाल तर माझी फारच साधी. कोरा कागद, पुस्तक बंद, आणि एक प्रश्न: हे कोण ढकलतंय? रक्त पुढे जातंय, कोण ढकलतंय, तर दाबातला फरक. ऑक्सिजन फुप्फुसातून रक्तात जातोय, कोण ढकलतंय, तर कोणीच नाही, तिकडे जास्त आहे इकडे कमी आहे म्हणून आपणहून जातोय आणि मधली भिंत अर्ध्या मायक्रॉनची आहे म्हणून जमतंय. जिथे उत्तर येत नाही तिथे पेन थांबतं, ती तुमची पोकळ जागा. हायलायटरने पानं रंगवल्यावर ही पोकळ जागा दिसतच नाही, उलट सगळं येतंय असं वाटत राहतं. माझं पहिल्या सहा महिन्यांचं पुस्तक बघाल तर होळी खेळल्यासारखं आहे.

दुसरं, आकडे पाठ करू नका, आकड्यांशी खेळा. इंग्रज डॉक्टर विल्यम हार्वे यांनी १६२८ मध्ये रक्त गोल फिरतं हे सांगितलं ते अशाच हिशोबावर. एका ठोक्याला अगदी थोडं रक्त बाहेर पडतं असं धरलं तरी अर्ध्या तासात अख्ख्या शरीरात मावणार नाही इतकं होतं, मग ते नवीन येतं कुठून? परत येत असलं पाहिजे. धमन्या आणि शिरा जोडणाऱ्या केशवाहिन्या त्यांना शेवटपर्यंत दिसल्या नाहीत, त्या माल्पीगी यांनी १६६१ मध्ये बेडकाच्या फुप्फुसात पाहिल्या, तोवर हार्वे जाऊन चार वर्षं झाली होती. न दिसलेली गोष्ट गुणाकाराने सापडली.

तुम्हीपण करून बघा. एका घन मिलिमीटरमध्ये ५० लाख लाल पेशी, पाच लिटर रक्त म्हणजे ५० लाख घन मिलिमीटर, गुणले की २५ लाख कोटी पेशी. त्या १२० दिवसांत बदलायच्या तर सेकंदाला किती बनवाव्या लागतील? भागाकार केला की २४ लाखांच्या आसपास येतं. दर सेकंदाला. हाडांच्या पोकळीत. हा आकडा मी पाठ केलेला नाही, म्हणून तो कधी विसरणार नाही.

प्रॅक्टिकलबद्दल थोडं. सगळे त्याला कंटाळवाणं म्हणतात आणि जर्नल एकमेकांचं उतरवतात, मीपण उतरवलंय, खोटं कशाला बोलू. पण पेशी मोजायच्या प्रॅक्टिकलने मला बरंच शिकवलं. पिपेटमध्ये रक्त ०.५ च्या खुणेपर्यंत घ्यायचं, वर १०१ पर्यंत पातळ करायचं द्रावण, फुगीर भागातला लाल मणी हलवत नीट मिसळायचं, आणि मग काचेच्या चेंबरवर थेंब सोडायचा. मायक्रोस्कोपमध्ये चौकटी दिसतात, वरच्या आणि डाव्या रेषेला टेकलेल्या पेशी धरायच्या, खालच्या आणि उजव्या सोडायच्या, नाहीतर एकच पेशी दोनदा मोजली जाते. ८० छोट्या चौकोनांची बेरीज गुणिले १०,०००. माझी बेरीज आली २८०, म्हणजे २८ लाख. रक्त माझंच होतं आणि मी घाबरलेच, म्हटलं आपल्याला एवढा ॲनिमिया आणि कळलं पण नाही! मग लॅबमधल्या काकांनी न बघताच विचारलं, पहिले दोन-तीन थेंब टाकून दिलेस का? नव्हते दिले. पिपेटच्या बारीक नळीत नुसतं द्रावण उरलेलं असतं, मिसळणं होतं ते फुगीर भागात, त्यामुळे पहिल्या थेंबात पेशी जवळजवळ नसतातच. पुन्हा केलं, ४६ लाख. तेव्हापासून कुठलाही रिपोर्ट विचित्र आला की आधी मला नमुना घेणाऱ्याची शंका येते, पेशंटची नंतर.

स्वतःच्या शरीरावर फुकटात होणारे प्रयोगही करा पण डोकं ठेवून. बसल्या जागी श्वास रोखून धरा, थोड्या वेळाने जी तगमग होते ती ऑक्सिजन संपला म्हणून नसते, कार्बन डायऑक्साइड साठला म्हणून असते. यातूनच कळेल की पाण्यात बुडी मारण्याआधी भराभर श्वास घेणं का धोक्याचं आहे. त्याने कार्बन डायऑक्साइड उडून जातो, तगमग होतच नाही, आणि ऑक्सिजन कधी संपला हे न कळता माणूस पाण्याखाली बेशुद्ध पडतो. हा प्रयोग पाण्यात करायचा नाही, कधीच नाही.

क्रेब्स सायकलमधली (पेशीत अन्नातून ऊर्जा काढणाऱ्या रासायनिक क्रियांची साखळी) नावं पहिल्या वाचनात सोडून द्या, हॉर्मोन्सचे तक्तेपण. ते शेवटी घोकावे लागतातच, त्यावर उपाय मला नाही सापडला.

फायनलला व्हायव्हाला बाहेरचे सर होते. त्यांनी विचारलं, बसलेला माणूस पटकन उभा राहिला की पहिल्या काही सेकंदांत काय होतं? मी मनातल्या मनात कोरा कागद काढला. उभं राहिलं की अर्धा-एक लिटर रक्त पायांकडे आणि पोटाकडे उतरतं, म्हणून हृदयाकडे परत येणारं कमी, म्हणून हृदय कमी ताणलं जातं, म्हणून ठोक्याला बाहेर पडणारं रक्त कमी, म्हणून दाब उतरतो. मानेतल्या मोठ्या धमनीच्या भिंतीत ताण मोजणारी टोकं असतात, त्यांचा ताण घटला की त्यांचे सिग्नल कमी होतात, आणि मेंदूच्या खालच्या भागाला कळतं की गडबड आहे. मग ठोके वाढतात, वाहिन्या आवळतात, दाब परत वर. यात जरा उशीर झाला तर डोळ्यापुढे अंधारी.

सर म्हणाले, तो मानेतला सिग्नल कुठल्या नसेतून जातो? नाव आलंच नाही. म्हटलं, सर नववी क्रेनियल नर्व्ह (थेट मेंदूतून निघणाऱ्या नसांपैकी नववी), नाव आत्ता आठवत नाहीये. ते हसले, काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, पुढच्याला पाठव.

जिना उतरताना आठवलं. ग्लॉसोफॅरिंजियल.