कागदावरचे ठसे: रसायनांचा क्रम चुकू देऊ नका

कागदावरचे बोटांचे ठसे रसायनांनी उमटवायला शिकणाऱ्यांना मी पहिला प्रश्न एकच विचारते: हा कागद कधी भिजला होता का? पुढचं सगळं त्या उत्तरावर ठरतं. घामातली अमिनो आम्लं पाण्यात विरघळतात. ती धुऊन गेली असतील तर निनहायड्रिनची, म्हणजे अमिनो आम्लांशी मिळून जांभळा रंग देणाऱ्या रसायनाची, बाटली उघडण्यात अर्थ नाही. त्वचेवरचा स्निग्ध अंश मात्र भिजल्यावरही बराच टिकतो. म्हणून भिजलेला कागद आधी सावकाश वाळवायचा आणि थेट फिजिकल डेव्हलपरकडे, म्हणजे स्निग्ध रेषांवर चांदी बसवणाऱ्या द्रावणाकडे, न्यायचा.

कागद कोरडाच राहिला असेल तर घाई करू नका. हातमोजे घाला, पण कागद चिमट्यानेच धरा, कारण पातळ मोज्यातूनही बोटाचा ठसा उमटू शकतो. आधी तिरप्या उजेडात बघा, मग वेगवेगळ्या रंगांच्या प्रकाशात, आणि जे दिसेल त्याचा मोजपट्टीसकट फोटो घ्या. कागदावर मजकूर असेल तर हस्ताक्षरतज्ज्ञाचं काम आधी होऊ द्या. द्रावकाने शाई पसरते, आणि वरच्या पानावर लिहिताना खालच्या पानावर उठलेले दाब तर रसायनानंतर बहुधा हाती लागत नाहीत. डीएनए हवा असेल तर तो निर्णयही याच टप्प्यावर घ्यायचा. एकदा कागद द्रावणात बुडवला की त्याची आधीची अवस्था परत मिळत नाही, हे मी शिकणाऱ्यांना पुन्हा पुन्हा बजावते.

पहिलं रसायन डीएफओ; हेही अमिनो आम्लांवरच काम करतं, पण त्याचे ठसे खास प्रकाशात चमकतात. कागद द्रावणातून काढा, वाळवा, मग सुमारे १०० अंश सेल्सियसच्या कोरड्या उष्णतेत २० मिनिटं ठेवा. साध्या डोळ्यांना फारसं काही दिसणार नाही. हिरवा प्रकाश टाकून नारिंगी किंवा लाल फिल्टरमधून पाहिलंत की रेषा चमकू लागतात. फोटो घ्या आणि मगच निनहायड्रिनकडे वळा. डीएफओची प्रक्रिया सगळ्या अमिनो आम्लांशी पुरी होत नाही, त्यामुळे निनहायड्रिनला काम शिल्लक राहतं आणि काही नवे ठसे वर येतात. हाच क्रम उलटा केला तर डीएफओच्या हाती जवळपास काही लागत नाही.

निनहायड्रिन माझं सगळ्यात आवडतं. झीगफ्रीड रूहेमान यांनी ही प्रक्रिया १९१० मध्ये नोंदवली, पण ठशांसाठी तिचा वापर सुचवला गेला १९५४ मध्ये. अमिनो आम्लं कागदाच्या सेल्युलोजला धरून राहतात, म्हणून खूप जुन्या कागदावरही जांभळ्या रेषा उमटू शकतात. खरी कसोटी दमटपणाची आहे. हवा कोरडी असेल तर ठसा फिका येतो. फार दमट असेल तर सगळा कागदच जांभळट होतो आणि रेषा त्यात बुडतात. आर्द्रता नियंत्रित करणारी भट्टी असेल तर सुमारे ८० अंश सेल्सियस आणि ६५ टक्के आर्द्रता ठेवा. नसेल तर कागद अंधारात, नेहमीच्या तापमानाला एक-दोन दिवस राहू द्या. वेळ लागतो, पण पार्श्वभूमी स्वच्छ राहते. मला हाच मार्ग जास्त पटतो. जांभळा रंग उजेडात विटत जातो, तेव्हा फोटो लगेच घ्या. हिरवट-पिवळ्या प्रकाशात रेषा जास्त गडद दिसतात.

पावत्यांचा थर्मल कागद मात्र वेगळा हाताळायचा. नेहमीचं द्रावण लागताच त्याची छपाईची बाजू काळी पडते. त्यासाठी वेगळ्या कृती आहेत, त्या माहीत नसतील तर तो कागद जाणत्याकडे सोपवा.

प्रत्येक वेळी, पुराव्याला हात लावण्याआधी, तशाच कोऱ्या कागदावर स्वतःचा ठसा उमटवून द्रावण तपासा. तो आला नाही तर दोष द्रावणात आहे; तिथेच थांबा. द्रावकं पेट घेतात, म्हणून जवळ ज्योत किंवा ठिणगी नको आणि काम फ्युम हूडमध्येच, म्हणजे वाफा बाहेर खेचणाऱ्या कपाटातच, करा.

फिजिकल डेव्हलपर नेहमी शेवटी, कारण तो पाण्यातला आहे आणि आधीचं जांभळं धुऊन नेतो. कागदातल्या कॅल्शियम कार्बोनेटमुळे द्रावण बिघडतं, म्हणून आधी मॅलेइक आम्लात कागद बुडवा आणि बुडबुडे थांबेपर्यंत वाट पाहा. भांडी अगदी स्वच्छ हवीत, चिमटा प्लास्टिकचा. धातू लागला तर चांदी भलतीकडेच जमू लागते. ती स्निग्ध रेषांवर राखाडी होऊन हळूहळू बसते. रेषा पुरेशा ठळक झाल्या की कागद पाण्यात नीट खळबळून वाळवा आणि शेवटचा फोटो घ्या.